आयसिसॉरसच्या बेसला तडे का जातात?

प्रश्न: आयसिसॉरस या लांब मानेच्या डायनासोरच्या १:४० प्रमाणातल्या मूर्तीसाठी ३०×२० सेंमीचा बेस करतोय. थर्माकोलवर पीओपी लावलं, उचलताना तडे गेले. स्प्रे मारल्यावर कडेचा थर्माकोलही विरघळला. आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं का, लावलं तर चालेल का?

उत्तर १: थर्माकोल वाकतो, पीओपी वाकत नाही, म्हणून तडे. खाली ६ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) चिकटवा. पीओपीऐवजी पिळलेला कागदाचा लगदा २ वाट्या, चाळलेली माती १ वाटी, फेविकॉल अर्धी वाटी. थर ३ मिमीच, आणि सावलीत वाळवा. नागपुरी मे महिन्याच्या उन्हात वरचा पापुद्रा आधी आकसतो नि फाटतो. स्प्रेमधला थिनर थर्माकोल खातो. ब्रशने अॅक्रिलिकच द्या.

उत्तर २: गवत चालेल, बिनधास्त लावा! आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांच्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडलेत. संशोधन २००५ मध्ये छापून आलं. आयसिसॉरसही त्याच जिल्ह्यातला, डोंगरगावचा. पण हिरवळ अंथरू नका. सुतळीचे धागे सेंटीमीटरभर कापून तुरळक झुपके करा, बाकी ताड नि सूचिपर्णी.

लगदा ओला असतानाच पायांना पातळ पन्नी गुंडाळून मूर्ती २ मिमी दाबा, मग काढून घ्या. एवढं अवजड जनावर मातीवर नुसतं टेकलेलं दिसलं की सगळं खोटं वाटतं.