शिक्षकांच्या ग्रुपवर आपण शिकतो की नुसतं फॉरवर्ड करतो?

खडूफळा (धागाकर्ता)

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही गुरुजींचा मोबाईल उघडा. केंद्राचा ग्रुप, बीटचा (काही केंद्रांच्या गटाचा) ग्रुप, संघटनेचा, तंत्रस्नेहींचा, गणितवाल्यांचा. प्रशिक्षणात आपण छातीठोकपणे सांगतो की यातून आमचा व्यावसायिक विकास होतो. मला हे पटत नाही. तिथे साहित्याची वाटावाटी होते, शिकणं फारसं होत नाही. संशोधन तर नाहीच.

एक उदाहरण देतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं संख्यावाचन आलं. कारण आपल्याला वर्गात रोज दिसतं: बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, म्हणून काही मुलं 25 लिहून मोकळी होतात. कन्नड, तेलुगूत दशक आधी बोलतात. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी हे तेव्हा जाहीरपणे समजावून सांगितलं होतं. आपल्या ग्रुपवर काय चाललं होतं? आडनावांचे आकडे करून विनोद, मग अस्मितेची भांडणं, मग सुप्रभात. राज्यभरातले शिक्षक एकाच वर्षी, एकाच इयत्तेला तोच घटक शिकवत होते. प्रत्येकाने दहा संख्यांचं श्रुतलेखन घेऊन अंकांची अदलाबदल किती मुलांनी केली एवढं टाकलं असतं, पुन्हा दिवाळीनंतर टाकलं असतं, तरी वादाला काही आधार मिळाला असता. मी होतो त्या एकाही ग्रुपवर हे घडलं नाही.

आणि नवोपक्रम स्पर्धेचं (वर्गात केलेल्या नव्या प्रयोगांचे अहवाल मागवणाऱ्या स्पर्धेचं) पत्रक आलं की दुसऱ्या दिवशी 'कुणाकडे तयार अहवाल आहे का?' हा प्रश्न ठरलेला.

द्विशिक्षकी

सर, तुमच्या शाळेत स्टाफरूम असावी. मी मूळचा लातूरचा, नोकरी नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात. शाळेत दोनच शिक्षक, त्यातले दुसरे गुरुजी महिन्यातले कितीतरी दिवस माहिती भरण्यात आणि मीटिंगांत. पहिलीची मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, मला एक अक्षर कळत नव्हतं. 'टोपलीत किती आंबे उरले?' असं विचारलं की पोरं गप्प. मला वाटायचं वजाबाकीच येत नाही.

शेवटी या भागात आधी काम केलेल्या शिक्षकांचा एक ग्रुप सापडला. तिथल्या एका ताईंनी विचारलं, 'खडे हातात देऊन, न बोलता करून घेतलंत का?' केलं, तर पोरं धडाधड करायला लागली. अडलं होतं ते माझ्या प्रश्नाच्या भाषेत. मग त्या ताईंनी आणि आणखी काही जणांनी रोजच्या वापरातले शब्द स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवले. हे शिकणं नाही तर काय? सुप्रभात मीही पाहत नाही, पुढे सरकवतो.

खडूफळा

हे शिकणंच आहे, मान्य. पण पुढच्या वर्षी तुमच्या शाळेवर नवा माणूस येईल, त्याला ते रेकॉर्डिंग कुठे मिळणार? तुमचा मोबाईल बदलला की गेलं. तोही पुन्हा पहिल्यापासून 'पोरं गप्प का' हेच विचारणार.

द्विशिक्षकी

मिळणार नाही, खरंय. पण जपून ठेवलं नाही म्हणजे शिकलोच नाही असं कसं?

वसुधा_बीट३

खडूफळा सर, तुम्ही शिक्षकांच्या आळसाकडे बोट दाखवताय. मूळ दुखणं वेगळं आहे. ग्रुपमध्ये साहेब असतात.

आमच्याकडे एका ताईंनी लिहिलं होतं, 'तिसरीतल्या चौघांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत, काय करू?' संध्याकाळी वरून फोन: 'तुमची शाळा प्रगत आहे ना? मग हे काय लिहिलंय?' त्यानंतर त्या ग्रुपवर कुणी अडचण लिहिलेली मला आठवत नाही. सगळ्यांच्या मुलांना सगळं येतं! फक्त रांगोळीचे, हस्ताक्षराचे, परसबागेचे फोटो. दहा मुलांनी अंक उलटे लिहिले हे कोण टाकणार? आकडे मागण्याआधी ते वाचणार कोण ते ठरवा.

ब्रह्मगुप्त

मी महाविद्यालयात गणित शिकवतो. खुल्या चर्चेतून संशोधन होतं, याला पुरावा आहे. जानेवारी 2009 मध्ये गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी आपल्या ब्लॉगवर संयोजनशास्त्रातल्या एका अवघड प्रमेयाची (हेल्स-ज्यूएट प्रमेयाच्या घनता-रूपाची) साध्या साधनांनी होणारी नवी सिद्धता शोधायचा प्रश्न सर्वांपुढे ठेवला. अट अशी, की कच्च्या कल्पनाही लिहायच्या, फसल्या तरी. काही आठवड्यांत वाट सापडली आणि निबंध 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या सामूहिक नावाने छापला गेला. पुढे 2013 मध्ये यितांग झांग यांनी सिद्ध केलं की 7 कोटींपेक्षा कमी अंतराच्या मूळसंख्यांच्या जोड्या अनंत आहेत. अशाच सामूहिक कामातून 2014 पर्यंत ती मर्यादा 246 वर आली. फसलेले प्रयत्नसुद्धा आजही वाचता येतात. शिक्षकांना हे का जमू नये?

वसुधा_बीट३

कारण गॉवर्स यांना 1998 मध्येच फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला फार मोठा सन्मान, मिळालं होतं. चुकीची कल्पना लिहिली म्हणून त्यांना कारणे दाखवा नोटीस येत नाही.

ब्रह्मगुप्त

हा मुद्दा बिनतोड आहे. तरी एक फरक उरतोच. तिथे एका वेळी एकच प्रश्न होता. तुमच्या ग्रुपवर सकाळी शालार्थ (पगाराची प्रणाली), दुपारी पोषण आहार, रात्री निपुण भारत (पायाभूत वाचन-गणिताची मोहीम). साहेब नसले तरी हजार माणसांत कोण काय शोधणार?

नवा_शिक्षणसेवक

नमस्कार सर, वरील विषयावर कृतिसंशोधनाची पीडीएफ कुणाकडे असल्यास पाठवावी 🙏

खडूफळा

नवा_शिक्षणसेवक, वेळ साधलीत.

वसुधाताई, फोनचा प्रसंग वाचला. आळसाबद्दलचं मागे घेत नाही, पण भीतीचं पारडं जड आहे हे कबूल. मग असं करू. साहेब नसलेला, पंचवीस-तीस जणांचा ग्रुप. पूर्ण सत्रात एकच प्रश्न: दुसरीत अंकांची अदलाबदल. श्रुतलेखनाच्या संख्या सगळ्यांना सारख्याच, 25, 52, 36, 63 अशा जोड्या त्यात हव्यातच. शाळेचं नाव नाही, मुलांची नावं नाहीत. जे सापडेल ते बाहेर, सगळ्यांना उघडता येईल अशा फाईलमध्ये. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी दरवर्षी निदान 50 तास व्यावसायिक विकास सांगितलाय, हे त्यात धरत नसतील तर न धरोत.

वसुधा_बीट३

मुलांच्या वह्यांचे फोटो टाकणार का? नाव झाकलं तरी आमच्या गावात अक्षरावरून पोर ओळखतात. आणि पालकांना विचारणार कोण? आजवर परसबागेच्या फोटोंसाठीसुद्धा कुणी विचारलेलं नाही.

द्विशिक्षकी

फोटो नकोत, नुसता आकडा पुरे. माझ्याकडे दुसरीत सहाच मुलं आहेत, चालतील का? आणि पावरीत संख्या कशा म्हणतात ते आधी पोरांकडूनच काढतो. घरी दशक आधी म्हणत असतील, तर माझा वर्ग तुमच्या बेरजेत धरू नका, वेगळा मांडा.