एका दिवसात लंडन: काय ठेवू, काय गाळू?

चिंचबोर
मुलीकडे बर्मिंगहॅमला आलोय. येत्या गुरुवारी आम्ही दोघंच लंडनला जाणार. गाडी साडेनऊला यूस्टनला पोचते, परतीची रात्री आठची, तिथूनच. ह्यांची यादी: बकिंगहॅम पॅलेस, टॉवर ऑफ लंडन, टॉवर ब्रिज, बिग बेन, लंडन आयचं मोठं चाक आणि मेणाचे पुतळे. वर म्हणतात, "सगळं जवळजवळच आहे." मला ब्रिटिश म्युझियम आणि नदी एवढंच हवंय. माझे गुडघे चालायला तयार असतात, रांगेत उभं राहायला नाही. भांडण न होता दिवस कसा काढावा?

रिकामटेकडा
पुतळे आधी खोडा. पॅलेसही खोडा, गुरुवारी पहारेबदल सहसा नसतोच. टॉवरमध्ये आत गेलात तर अर्धा दिवस गेला. कोहिनूरवाला मुकुट तिथेच आहे, पण मुकुटांसमोरून सरकत्या पट्ट्यावरून जायचं असतं, नजर ठरेपर्यंत पुढे गेलेले असता.

यूस्टनहून म्युझियम चालत वीसेक मिनिटं. दहाला उघडतं, प्रवेश फुकट, तरी वेळ ऑनलाइन नोंदवून ठेवा. रोझेटा शिलालेख गर्दीआधी उरका, मग ३३ अ क्रमांकाच्या दालनात अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं निवांत बघा. तिथे बाकं शोधायची, सगळं बघायचा हट्ट नाही.

साडेबाराला निघा. जवळच्या हॉबर्न स्टेशनवरून ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) सेंट्रल लाइनने बँक नावाच्या स्टेशनला, तिथून डीएलआर या हलक्या रेल्वेची लुइशमला जाणारी गाडी. तिला चालकाची केबिनच नाही. ह्यांना अगदी पुढच्या काचेशी बसवा, तासभर यादीचं नाव काढणार नाहीत. ग्रिनिचच्या आधी आयलंड गार्डन्सला उतरा आणि थेम्सच्या खालून चालत पलीकडे जा. १९०२ सालचा बोगदा आहे, लांबी ३७० मीटर, पांढऱ्या टाइल्स, आत गारवा. दोन्ही टोकांना लिफ्ट आहे, पण बंद असली तर शंभरेक पायऱ्या, तेव्हा आधी चौकशी करा. बाहेर आलात की समोर कटी सार्क, १८६९ चं, चहा वाहून आणणारं जहाज. मग वेधशाळेच्या टेकडीवरून शहर बघायचं, चढ जरा खडा आहे.

परत येताना ग्रिनिचहून वेस्टमिन्स्टरपर्यंत बोट. ती टॉवर ब्रिजखालून जाते. टॉवर, लंडन आय, बिग बेन, म्हणजे ह्यांची निम्मी यादी तुम्ही बसल्या बसल्या पुरी करता. उतरून नदीकाठाने एम्बँकमेंट स्टेशन, तिथून नॉर्दर्न लाइन थेट यूस्टनला.

आणि हो, ट्यूबला दोघांची दोन कार्डं लागतात, एकच कार्ड दोघांना चालत नाही. बसमध्ये रोख घेत नाहीत.

तिखटमीठ
यूस्टनला उतरून बाबासाहेबांचं घर गाळायचं? १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकताना ते तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घर विकत घेतलं, आता स्मारक आहे. चॉक फार्म स्टेशन यूस्टनहून नॉर्दर्न लाइनने दोन-तीन थांब्यांवर.

रिकामटेकडा
मान्य. मग टेकडी सोडा, घर ठेवा. पण उघडायच्या वेळा बघूनच निघा. म्युझियम आधी की घर आधी, ते त्यावर ठरेल. टेकडी नाही चढलात तरी बोगदा आणि बोट सोडू नका.

चिंचबोर
घर नक्की. टेकडी सोडायला ह्यांनी लगेच होकार दिला, तेव्हा गुडघे कोणाचे खरे दुखतात ते कळलं. बोटीत कुठल्या बाजूला बसू?

रिकामटेकडा
उजव्या. टॉवर, सेंट पॉल्स कॅथेड्रल, बिग बेन सगळं उजवीकडेच येतं. लंडन आय डावीकडे, पण ते एवढं अवाढव्य आहे की त्यासाठी जागा बदलायची गरज नाही. बोटभाडं ट्यूबच्या दिवसाच्या कमाल भाड्याच्या मर्यादेत धरत नाहीत, ते वेगळं लागेल.