देशोदेशी सरकारी चाकरी केलेली आपली माणसं: अनुभव लिहा

बाबा मार्चमध्ये गेले, शहाऐंशीव्या वर्षी. भेटायला आलेल्यांच्या बोलण्यात भाजी निवडून देणारे, नातवंडांची दप्तरं भरणारे आजोबाच होते. देवीचा रोग संपवण्यासाठी हा माणूस बिहारपासून सोमालियापर्यंत फिरला होता, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. अशी माणसं आणखी घरांत असतील. त्यांच्याबद्दल लिहा. नुसती पदं आणि देश नकोत, ती घरात कशी होती तेही येऊ द्या. सुरुवात मी करते.

बाबा आरोग्य खात्यात डॉक्टर. 1974 साली बिहारमध्ये देवीची मोठी साथ आली आणि ते तिकडे गेले. फोडांनी भरलेल्या बाळाचं चित्र असलेलं कार्ड घरोघर दाखवायचं, "असं कुणाला झालंय का?" विचारायचं. रोगी सापडला की त्याला वेगळं ठेवायचं आणि आजूबाजूच्या सगळ्यांना लस टोचायची. दोन टोकांची सुई, भराभर पंधरा टोचे. सरसकट सगळ्यांना टोचत बसण्यापेक्षा रोग्याभोवती असं कुंपण घातलं, म्हणून देवी हटली, असं ते सांगत. भारतातला शेवटचा रोगी मे 1975 मधला. मग जागतिक आरोग्य संघटनेकडून इथिओपिया आणि सोमालिया. मर्का गावच्या रुग्णालयातला स्वयंपाकी अली माव मालिन याला ऑक्टोबर 1977 मध्ये देवी झाल्या. नैसर्गिकरीत्या लागण झालेला तो जगातला शेवटचा रोगी. तो बरा झाला आणि पुढे पोलिओच्या मोहिमेत काम करू लागला, हे बाबा फार कौतुकानं सांगायचे.

त्यांच्या पत्रात प्रत्येकाचा वेगळा परिच्छेद असे: आजीचा, आईचा, माझा. धाकट्याला वाचता येत नव्हतं, त्याच्यासाठी उंटाचं चित्र. मला गणितं घातलेली असत. मी उत्तरं पाठवायची, ती तपासून यायला इतके आठवडे जात की शाळेत पुढचे दोन धडे झालेले असत. तरी ते प्रत्येक चूक समजावून लिहीत. माझं गणित पक्कं झालं ते त्या पत्रांमुळे.

* * *

आमचे आजोबा सैन्यात हवालदार, सातारा जिल्ह्यातले. 1953 साली कोरियात गेले. मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांहून जास्त युद्धबंदी होते, त्यांच्या छावणीवर भारतीय सैनिकांचा पहारा होता. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री आपल्या भूमीवर भारतीय फौजेला पाय ठेवू देईनात, म्हणून इंचॉनहून सगळ्यांना हेलिकॉप्टरनं नेलं. तळाचं नाव हिंद नगर. त्या दलाचे प्रमुख आपले मेजर जनरल शंकरराव थोरात, याचा आजोबांना शेवटपर्यंत अभिमान.

आजीला वाचता येत नव्हतं. पत्र गुरुजी वाचून दाखवायचे, तेही ओसरीवर सगळ्यांसमोर. बायकोची चौकशी कशी लिहिणार? म्हणून पत्रभर बैल. ढवळ्या जेवतो का, उन्हात काम करत नाही ना, रोडावला तर नाही? आजी म्हणायची, "ढवळ्या म्हंजी मीच की."

* * *

माझे वडील सांगलीचे, स्थापत्य अभियंता. अफगाणिस्तानात हेरातजवळ हरी नदीवर भारतानं बांधलेल्या सलमा धरणावर होते. धरण 42 मेगावॅटचं. यंत्रसामग्री समुद्रमार्गे इराणच्या बंदर अब्बासला, तिथून शेकडो किलोमीटर रस्त्यानं. 4 जून 2016 ला उद्घाटन झालं, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसून गर्दीत बाबा शोधत होतो. बाँबस्फोटाची बातमी आली की घरचं जेवण तसंच राही. ते फोनवर त्याविषयी अक्षर काढत नसत. विचारायचे, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलला का?

* * *

माझे यजमान सैन्यात. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत कांगोला, गोमा इथे होते. त्या वर्षी सासूबाईंचं ऑपरेशन आणि मुलाची दहावी एकदमच आली. हे प्रेमळ आहेत यात शंका नाही, पण तिथून करणार काय? रात्री उठून दवाखान्यात मीच गेले. अशा माणसांचं कौतुक करताना हेही लिहिलं जावं असं मला मनापासून वाटतं. परत आल्यावर सासूबाईंची औषधं, मुलाची प्रवेशाची धावपळ, यातलं काहीही ह्यांनी मला करू दिलं नाही. पदकाबद्दल कुणी विचारलं तर आधी माझं नाव घेतात.

* * *

ताई, अगदी खरं. बाबा परराष्ट्र खात्यात स्टेनो होते. मॉस्को, तेहरान, काठमांडू. तिन्हीकडे केंद्रीय विद्यालय, त्यामुळे आम्हा भावंडांची शाळा बुडाली नाही. पण दर बदलीला घर गुंडाळणं आणि मांडणं आईचं. रविवारी मराठी शुद्धलेखन मात्र बाबांकडे, त्याला सुट्टी नाही. आता दोघं नाशिकला असतात. नातवंडांना कळू नये असं काही असलं की अजून रशियनमध्ये बोलतात.