अनुभव धागा: टाळेबंदीच्या वर्षात शाळकरी मुलांचा खेळ कसा चालू ठेवलात? (ठाणे – नवी मुंबई)

धागाकर्ती, ऐरोली

गेल्या आठवड्यात माळा आवरताना लेकीची खो-खोची जर्सी सापडली. पाठीवर ७ नंबर, घडी तशीच, एकदाही अंगाला न लागलेली. फेब्रुवारी २०२०मध्ये शाळेने संघाला दिली आणि मार्चच्या मध्यावर शाळाच बंद झाल्या. आता ती जर्सी तिला दंडातसुद्धा जात नाही.

तिचा जन्म २००७चा. शालेय स्पर्धांतल्या १४ वर्षांखालच्या गटात २०२०-२१ हे तिचं शेवटचं वर्ष. ते आलं कधी, गेलं कधी, कळलंच नाही. पुन्हा मैदानात उतरली ती थेट १७ वर्षांखालच्या गटात, तिच्यापेक्षा वीतभर उंच मुलींसमोर. गणिताचा राहिलेला धडा पुढच्या वर्षी शिकवता येतो. वयोगटाचं तसं नाही.

त्यात खेळ खो-खो. आठ जणी एकाआड एक उलट तोंडं करून बसणार, नववी पाठलाग करणार आणि खो द्यायचा तो पाठीला हात लावूनच. सहा फूट अंतर ठेवून यातलं काय करणार? आम्ही स्टिल्टच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे आठ रिकाम्या बाटल्या मांडल्या. ती त्यांच्यातून एकेरी साखळी, दुहेरी साखळी, खांबाला वळसा असं रोज अर्धा तास करायची. तिची एकच तक्रार होती: "आई, बाटल्यांना हूल कळत नाही."

तर या धाग्यावर तुमचे अनुभव हवे आहेत. पालक, पीटीचे शिक्षक, प्रशिक्षक, आणि तेव्हा लहान असलेली मुलंसुद्धा. विनंती एवढीच, की संकटाचं संधीत रूपांतर वगैरे नको. काय चाललं, काय बंद पडलं, काय हास्यास्पद झालं ते लिहा. शाळेचं, संस्थेचं नाव टाळलंत तर बरं.

शिट्टी, कळवा

ताई, मी प्राथमिकला पीटी शिकवायचो, पहिली ते चौथी. कंत्राटी. एप्रिलपासून मानधन निम्मं, जुलैपासून बंद. सकाळी खारीगाव ते विटावा भाजी पोहोचवायचो आणि दुपारी पीटी घ्यायचो. पगार नसताना कशाला घेता, असं बायकोने विचारलं होतं. उत्तर नव्हतं. घरात बसून शिट्टी तरी कुठे वाजवणार, एवढंच म्हणालो.

व्हिडिओवर पीटी हा तमाशा आहे हे पहिल्या आठवड्यात कळलं. चाळीस चौकोन, त्यातल्या दहांत पंखा दिसतोय, पाचांत आजी. माझं "एक, दोन" तिकडे पोहोचेपर्यंत मुलं तीनवर. आणि निम्म्या घरांत फोन एकच, तोही बाबांसोबत कामावर. म्हणून व्हिडिओ सोडला आणि व्हॉइस मेसेज सुरू केले. दर सोमवारी एक मेसेज, रविवारपर्यंत आकडे पाठवायचे. चारच गोष्टी: उभ्याने लांब उडी, एका मिनिटात दोरीवरच्या उड्या, डोळे मिटून एका पायावर किती वेळ, आणि मोज्यांचा चेंडू भिंतीवर मारून किती झेल.

उडी मोजायला घरोघरी टेप कुठून आणणार? म्हटलं, लाद्या मोजा. इथे मी गाढवपणा केला. रविवारी आकडे आले. चाळीतल्या एका मुलाच्या पाच लाद्या, ढोकाळीच्या टॉवरमधल्या मुलीच्या दोनच. ती रडून फोनवर, "सर, मी सगळ्यात शेवटची." मग डोक्यात प्रकाश पडला. चाळीत जुनी मोझॅकची लादी, दहा इंची. टॉवरमध्ये व्हिट्रिफाइड, दोन फुटी. पाच लाद्या म्हणजे ५० इंच, दोन म्हणजे ४८. फरक बोटभर! पुढच्या सोमवारी दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी काढायला लावली. पण दोन-चार मुलं शेवटपर्यंत लाद्याच सांगत राहिली, लाद्यांत आपला नंबर वरचा लागतो म्हणून.

दोरीउड्यांचं भांडण वेगळंच. खालच्या मजल्यावरचे लोक झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे. त्यांचंही बरोबर होतं, तेही घरूनच काम करत होते. शेवटी मुलांनाच खाली पाठवलं, विचारून या की काका, कुठली पंधरा मिनिटं चालतील? बहुतेकांनी वेळ दिली. एका काकांनी दिली नाही, तर त्या मुलीने वर्षभर दोरीशिवाय हवेतच मनगटं फिरवली आणि टाचा न आपटता उड्या मारल्या. तिचे पाय आज बघा.

उपवनकर

माझा मुलगा तेव्हा तिसरीत, धावायचं वेड. ३ जून २०२०पासून 'मिशन बिगिन अगेन'मध्ये, म्हणजे राज्यात टप्प्याटप्प्याने टाळेबंदी सैल झाली त्यात, पहाटे ५ ते संध्याकाळी ७ मोकळ्यावर चालायला, धावायला, सायकलला परवानगी मिळाली. घोळका नको आणि मूल असेल तर सोबत मोठं माणूस हवं. दोन तारखेच्या रात्री पठ्ठ्याने बूट दाराशी मांडून ठेवले. आणि ३ जूनलाच निसर्ग चक्रीवादळ! अडीच महिन्यांनी दार उघडायची मुभा मिळाली त्याच दिवशी सगळे पुन्हा खिडक्या लावून आत. चार तारखेला तलावाला एक फेरी मारली. आपला दम इतका गेलाय हे मला आधी कळलं, त्याला नंतर. जुलैत ठाण्यात परत कडक टाळेबंदी लागली, मग पुन्हा गच्ची.

एरंडेल

मी मल्लखांब शिकवतो, ठाण्यातच. ऑगस्ट २०२०च्या नियमावलीत सांघिक नसलेल्या मैदानी खेळांना ५ तारखेपासून परवानगी होती आणि त्या यादीत गोल्फ, टेनिस यांच्या पंगतीत चक्क मल्लखांब होता. आयुष्यात पहिल्यांदा गोल्फवाल्यांच्या बरोबरीला बसलो. अटी होत्याच: अंतर, सॅनिटायझर आणि मुख्य म्हणजे खेळ उघड्यावर हवा. ऑगस्ट महिना, ठाण्याचा पाऊस आणि उघड्यावरचा खांब! रोज ताडपत्री काढा, खांब पुसा, कोरडा करा, पोरं आली की सर हजर. म्हणजे पावसाची सर.

खरी अडचण दुसरीच. खांबाला मूल अंगभर लागतं. छाती, पोट, मांड्या, गाल. हाताला एरंडेल लावायचं आणि त्याआधी सॅनिटायझर, म्हणजे एक निसटवणार, दुसरं कोरडं करणार. पाच-पाच मुलांच्या पाळ्या केल्या, प्रत्येकाचा पंचा वेगळा, दोन पाळ्यांच्या मधे खांब पुसून वाळवायचा. हे जमलं. न जमलेली गोष्ट म्हणजे झेलणं. लहान मूल खांबावर उलटं असताना माझा हात त्याच्या पाठीखाली असतोच, तिथे सहा फूट कुठून आणू? म्हणून उलट्या उड्या बंद, वरच्या उड्या बंद. सलामी, साध्या अढ्या (पायांनी खांबाला घातलेली पकड), तेढी, आणि जमिनीवर सूर्यनमस्कार. सात महिने तेवढंच. पोरं कंटाळली, चार सोडून गेली. राहिलेल्यांची अढी मात्र अशी बसली, की पुढे दसरंग हा प्रकार शिकवताना निम्मा वेळ लागला. चार गेली ती गेलीच.

पोहणारीची आई, वाशी

आमचं दोन ओळींत. तरणतलाव बंद. लेक पाटावर पालथी झोपून पाय मारायची, खाली सतरंजी. नोव्हेंबर २०२०मध्ये तलाव उघडायला परवानगी आली ती राज्य-राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंच्या सरावासाठी. आमची तेव्हा तरंगायलाच शिकत होती.

बाई, तुर्भे

महापालिका शाळेत चौथीची वर्गशिक्षिका. खेळाचा वेगळा शिक्षक नाही, मीच. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील एपीएमसीत, म्हणजे इथल्या घाऊक बाजारात, माथाडी. मे २०२०मध्ये बाजार आठवडाभर बंद ठेवला तेव्हा कितीतरी कुटुंबं गावी गेली, सातारा-जावळीकडे. मी इथून अभ्यास पाठवायचे, तिकडे रेंज नाही. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणात दारोदार तापमान आणि ऑक्सिजन मोजत फिरत होते, तेव्हा निम्म्या खोल्यांना कुलूप.

वर लोकांनी इतकं जपून जपून काय काय केलंय ते वाचलं, म्हणून लिहिते. माझी गावी गेलेली मुलं वर्षभर काहीच 'चालू ठेवत' नव्हती. विहिरीत पोहली, ढेकळांत कबड्डी खेळली, डोंगरावर गुरांमागे फिरली. परत आली ती काळी, काटक. इथे राहिलेली दहा बाय बाराच्या खोलीत सुजली होती, काहींना जिना चढून धाप. मी त्यांच्याकडून खोलीतल्या खोलीत लंगडी घालून घेतली असती, पण त्या खोलीत सहा माणसं होती. लंगडीलासुद्धा जागा लागते.

कबड्डीवाला काका, कोपरखैरणे

बाई, अगदी. आमच्या मंडळाच्या पोरांना मास्क लावून 'कबड्डी कबड्डी' म्हणायला लावलं होतं. पंचाला दम ऐकूच येईना. दोन दिवसांत बंद केलं. श्वास आणि झटापट काढली तर कबड्डीत उरतं काय, रेघा.

रात्रपाळी

मी परिचारिका. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातल्या कोविड केंद्रात होते. थोडं कडू लिहिते, राग मानू नका. घरी येताना सोसायटीच्या पोडियमवर दहा-बारा मुलं विनामास्क क्रिकेट खेळताना दिसायची आणि बाकावर आया गप्पा मारत. मला त्या मुलांचा नाही, त्या बाकाचा राग यायचा. एकदा ओरडले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ठराव, की रुग्णालयात काम करणाऱ्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी.

माझा मुलगा ९ वर्षांचा होता, आजीकडे ठेवला होता. रात्री ९ला व्हिडिओवर १२ सूर्यनमस्कार घालून दाखवायचा. मी मोजायचे. कित्येकदा नवव्याला माझा डोळा लागायचा आणि तो तिकडून ओरडायचा, "आई, किती झाले?" मी दरवेळी बाराच सांगायचे.

धागाकर्ती

ताई, राग कसला. त्या बाकावर कधीकधी मीही बसले आहे.

आईच्या आयडीवरून, घणसोली

मी तेव्हा चौथीत होतो, आता नववीत. मोठ्यांनी सगळं फार दुःखी लिहिलंय. आम्ही मजल्यावरच्या पॅसेजमध्ये क्रिकेट खेळायचो, तीन जण, तिन्ही घरं एकाच मजल्यावरची. नियम: लिफ्टच्या दाराला लागला तर आउट, चपलांच्या स्टँडला दोन रन, समोरच्या आजींच्या दाराला लागला तर मॅच संपली. १९ जानेवारी २०२१ला ऑस्ट्रेलियात गाबाला आपण टेस्ट जिंकलो तेव्हा ऑनलाइन क्लास चालू होता. शेजारच्या घरातून आधी ओरडा ऐकू आला, मग बाईंच्याच घरातून.

ऑगस्ट २०२१मध्ये नीरज चोप्राने ऑलिम्पिकमध्ये भाला ८७.५८ मीटर फेकल्यावर सगळ्यांनी पोछ्याचे दांडे बाहेर काढले. माझा तिसऱ्या मजल्याच्या पत्र्यावर अडकला. अजून तिथेच आहे.

मला स्वतःला त्रास झाला तो नंतर. शाळा सुरू झाल्यावर पीटीला खरा लेदर बॉल हातात आला आणि मी घाबरलो. दोन वर्षं प्लास्टिकचाच खेळलो होतो. झेल घेताना डोळे मिटायचे. ती सवय जायला एक वर्ष लागलं.

उपवनकर

बाळा, सर्वांत कामाचा प्रतिसाद तुझा. आमच्याकडेही तेच. धावायला विसरला नव्हता, शेजारच्या लेनमध्ये कुणीतरी धावतंय याचीच भीती बसली होती. पहिल्या शर्यतीत मान वळवून बघत राहिला आणि शेवटून दुसरा आला.

धागाकर्ती

हे आमच्याकडेही. बाटल्यांमधून सुसाट जाणारी मुलगी पहिल्या सामन्यात खो द्यायला हात पुढे करायची आणि पाठीपासून इंचभरावर थांबायची. पंचांचा फाऊल. दोन वर्षं आम्हीच सांगितलं होतं ना, कुणाला हात लावू नकोस.

शिट्टी सर, एक विचारायचं राहिलं. ते आकडे कुठे लिहून ठेवलेत का?

शिट्टी, कळवा

वही आहे ताई. दोनशे पानी, भाजीच्या हिशेबाचीच, मागच्या बाजूने सुरू केलेली. आत्ता समोर घेऊन बसलोय. एका पानावर टोमॅटो, उलट्या बाजूला दुसरीतल्या मुलांचे झेल.

ढोकाळीच्या त्या मुलीचे लांब उडीचे आकडे सलग आहेत, सेंटिमीटरमध्ये. १२२, १२२, १२४, मधे एकदा ११९, पुढे "पाय मुरगळला". १२६. एप्रिल २०२१मध्ये एक रविवार रिकामा आहे. त्या दिवशी तिचा मेसेज आला होता, "सर, आज मोजलं नाही, आजोबा गेले." त्याच्या पुढच्या रविवारी १३१.

तेव्हा काय लिहावं सुचलं नाही, म्हणून फक्त १३१ लिहून ठेवलं.