लेकराच्या तोंडी आज्जी: तुमच्याकडचं सांगा

शहापूर, बेळगाव

गेल्या रविवारी नणंद आली होती पुण्याहून. जेवण झाल्यावर आमच्या लेकीनं, साडेतीन वर्षांची आहे, ताट पुढं सरकवलं आणि म्हणाली, "मी जेवलो. आता मी खेळायला जातो." नणंदेनं लगेच टोकलं, "जेवलो नाही गं बाळा, जेवले. जाते म्हणायचं. तू मुलगी आहेस ना?" पोरगी बुचकळ्यात पडली. माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडं, आणि म्हणाली, "आज्जी पण जेवलो म्हणायची."

आम्ही सगळे हसलो. नणंद हसली नाही. "हात धुऊन येते" म्हणून मोरीकडं गेली ती बराच वेळ आलीच नाही. फोटोतली आज्जी म्हणजे तिची आई. सासूबाई आयुष्यभर तशाच बोलल्या: मी आलो, मी दळण टाकून येतो, मी तुला किती वेळ हाक मारूलालो. बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायकांचं बोलणंच ते. मी सांगलीची, तरी लग्न होऊन आल्यावर पहिले सहा महिने मला वाटायचं शेजारणी माझी चेष्टा करतात. नणंदही लग्नाआधी असंच बोलायची, हे ह्यांनी नंतर सांगितलं. पुण्यात बावीस वर्षांत पुसलं गेलं. सासूबाई दिवाळीआधी गेल्या. पोरीच्या तोंडात मात्र त्या अजून रोज जेवतात.

तर तुमच्याकडचं सांगा. आज्जा-आज्जीची एखादी लकब, शब्द, खोड तुमच्या लेकरात अचानक दिसली असेल तर. मोठे प्रसंग नकोत, असेच उष्ट्या ताटाएवढे.

वडगाव

आमच्या गल्लीतली पोरं शांततेत झोपत नाहीत. दिवसभर मागांची खटखट चालू असते तोवर सगळी गाढ. लाईट गेली, माग थांबले, की चार घरांतून एकदम रडणं सुरू. बाहेरगावच्या माणसाला हे खोटं वाटतं.

आज्जा खड्ड्याच्या मागावर बसायचा, पप्पांनी पॉवरलूम घातले. आज्जी कांड्या भरायची. एका हातानं चरखा, दुसऱ्या हातात सूत, आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला. दोरा तुटला की हात थांबायचे, अंगठा थांबायचा नाही. आम्ही तिघं भावंडं त्या अंगठ्यावर वाढलो.

माझा मुलगा झाला बायकोच्या माहेरी, हुक्केरीकडं. शांत घर, मागं ऊस. पोरगं दोन-दोन वाजेपर्यंत किंचाळायचं. सासूबाईंनी दृष्ट काढली, मीठ-मोहरी झाली, मिरच्या झाल्या, पोट दुखतंय म्हणून ओव्याची पुरचुंडी शेकून झाली. बायको म्हणाली, नऊ महिने पोटात असताना खटखट ऐकलीय त्यानं. मी इथून मोबाईलवर चार मिनिटं मागाचा आवाज भरून पाठवला. लागू पडला! सासरे मात्र मला अजून तिरक्या नजरेनं बघतात.

आता तो दोन वर्षांचा आहे. परवा भिंतीला टेकून बसला होता, हातात मागावरचा जुना धोटा. पायाच्या अंगठ्याला टॉवेलचं टोक गुंडाळून तो हलवत होता. आज्जी जाऊन सहा वर्षं झाली. हे त्याला कुणी दाखवलं, विचारू नका. मी नाही, बायकोनं नाही. माझ्या आईचं म्हणणं आहे, तिनंही नाही. पण आईवर माझा संशय आहे.

बैलहोंगलची, आता बेळगावात

माझं माहेर कन्नड, सासर मराठी. आमच्याकडं आज्जीला आयी म्हणतात, आज्ज्याला मुत्त्या. त्यामुळे घरात घोळ असा, की लेकानं "आई" हाक मारली की मीही वळते आणि माझी आईही. त्याला दोघींपैकी कुणीही चालतं. त्याचं काम झालं म्हणजे झालं.

त्यानं स्वतःची वाटणीही करून टाकलीय. भूक लागली की मराठी, नको असलं की कन्नड. "बेड" म्हणजे नको आणि "साकु" म्हणजे पुरे, हे दोन शब्द तो माझ्या सासऱ्यांनाही ऐकवतो. सासरे तसे कडक. सुनेशी चार वर्षं कन्नड बोलले नाहीत, येत असून. परवा त्याच्या ताटात तिसऱ्यांदा भात वाढायला गेले तर हा म्हणाला, "साकु." सासरे म्हणाले, "साकु तर साकु." मी स्वयंपाकघरात होते. पोळी करपली माझी.

निपाणी

माझी आज्जी बिड्या वळायची. निपाणीत हे सांगायला विशेष काही नाही, निम्म्या गावाची आज्जी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूट पसरायची, वळायचं, दोरा मारायचा आणि शेवटी टोक नखानं आत दुमडायचं. हे दुमडणं इतकं झपकन व्हायचं की मला लहानपणी वाटायचं बिडी स्वतःच डोळा मिटते. मजुरी हजारावर. ठेकेदार त्यातल्या काही नापास म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत आणि त्या बिड्या परतही मिळायच्या नाहीत. त्या काढलेल्या बिड्यांचं तो काय करायचा, हे आज्जी मरेपर्यंत विचारत होती.

आज्जा 1981 च्या तंबाखू आंदोलनात शेतकऱ्यांबरोबर हायवेवर बसायला जायचा. घरी परतला की त्याचं भाषण सुरू. आज्जीनं सूप खाली ठेवून ते एकदाही ऐकलं नाही. "तू बस रस्त्यावर, मी बसलोय हितं," एवढंच.

मी सात-आठ वर्षांची असताना गुपचूप एक पान उचलून वळायला बसले होते. बरं जमलंही. आज्जीनं बघितलं, हातावर चापट मारली आणि पान काढून घेतलं. तिनं मारलेली ती एकच चापट.

आता माझी लेक पाच वर्षांची. कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये आम्हा बायकांना शून्य रुपयाचं तिकीट मिळतं, ती ते साठवते. मला वाटलं नोटा-नोटा खेळत असेल. एका दुपारी बघितलं तर सोफ्यावर मांडी घालून बसलेली, मांडीवर स्टीलचं ताट, आणि तिकिटं एकेक करून वळते आहे. गुंडाळलं, माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा मारला आणि टोक नखानं आत. झपकन. पणजी गेली तेव्हा ही तीन वर्षांचीसुद्धा नव्हती.

माझा हात उचलला गेला होता, खरं सांगते. मग मी शेजारी बसले आणि विचारलं, किती झाल्या? म्हणाली, "हजार." अकरा होत्या.

उचगाव

आमचं थोडक्यात. रताळी काढायच्या दिवसांत आज्जा चुलीच्या राखेत रताळं पुरून ठेवायचा आणि विसरल्याचं सोंग करायचा. आम्ही शोधायचं. आता गॅस आहे. नातू मावळ्याच्या थाटात सगळं घर धुंडाळतो, कारण माझ्या वडिलांनी उकडलेलं रताळं कपाटात लपवलेलं असतं. एकदा खरंच विसरले. चार दिवसांनी वास सुटला, कपाटात आईची पैठणी होती. पुढचं लिहीत नाही.

बेळगाव तालुका

नोव्हेंबरची पहिली तारीख आमच्या घरात वेगळी असते. माझे वडील दरवर्षी दंडाला काळी फीत बांधून काळ्या दिनाच्या फेरीला जातात. आज्जाही जायचा. 1956 ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला तेव्हा तो विशीत होता. त्या विषयावर इथं वाद नको, तो घरोघरी झालेला आहे.

पोरगा तेव्हा अडीच वर्षांचा. वडील फीत बांधत होते. हा जवळ गेला, निरखून बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, बाऊ?" आणि फितीवर फुंकर घालायला लागला. तीन-चार वेळा, गाल फुगवून. वडिलांना कळेना, फीत काढावी की हात तसाच धरून ठेवावा. शेवटी म्हणाले, "हो रे, जुना बाऊ आहे. बरा होईना." मग ह्यालाही पाहिजे झाली. रुमाल बांधून दिला.

शेजारचं घर कन्नड, त्या दिवशी त्यांच्याकडं कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा आणि पेढे. फेरी आटपून वडील घरी आले तर नातू पायरीवर बसलेला, दंडाला काळा रुमाल, हातात शेजारचा पेढा, निम्मा खाल्लेला. उरलेला त्यानं आजोबांच्या तोंडात कोंबला. वडिलांनी खाल्ला. मी विचारलं, कसा होता? म्हणाले, "साखर जास्त पडलीय."

खानापूर, जांबोटीकडचं गाव

सगळ्यांच्या आज्ज्या इतक्या गोड कशा काय? माझी नव्हती.

घरात दोन म्हशी. दुधावरची साय ती चमच्यानं काढून वाटीत ठेवायची आणि वाटी शिंक्यात. ती फक्त माझ्या दोन भावांना. त्यावर साखर. मला आणि ताईला भाकरीबरोबर खालचं दूध. मी एकदा स्टूल लावून वाटी काढली तर तिनं सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "पोरीच्या जातीला जिभेचे चोचले कशाला?" ताई विसरली म्हणते. मला नाही विसरता येत. अजून कुठं शिंकं दिसलं की आधी मी वर बघते.

मुलगी झाल्यावर मी मुद्दाम तिला गावी नेली नाही. नेली तेव्हा दीड वर्षाची होती, आज्जी ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू. कौलातून पाऊस गळत होता, चुलीपाशी तेवढं कोरडं. आज्जीनं चाचपडत पातेलं ओढलं, चमच्यानं साय काढली, वर साखर पेरली आणि माझ्या पोरीला भरवायला लागली. निम्मी हनुवटीवर. मी बघत उभी. म्हटलं, "आज्जी, पोरगी आहे ती." ऐकू कमी येतं म्हणून दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हटलं.

"ठावं हाय गं मला," म्हणाली आणि चमचा परत बुडवला.

तिला आपलं जुनं बोलणं आठवत होतं का, मी विचारलं नाही. पोरीला आता सहावं चालू आहे, दूध तापवलं की हात पुढं करून उभी राहते. मी साय देते. साखर घालत नाही, तेवढं माझ्याच्यानं होत नाही.

वडगाव

वरचं वाचून चहा गार झाला.

हिंडलगा

गुटीवरून कुणाच्या घरी भांडण झालं नाही असं आहे का? आमच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, सहा महिने आईचं दूध, बाकी काही नाही, पाणीसुद्धा नाही. माझ्या आईनं तोवर सहाण धुऊन ठेवलेली. मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, बाळहिरडा, हळकुंड, सगळं पितळी डब्यात कापडावर मांडून. माझी धाकटी मावशी सोडून चार पिढ्या त्या डब्यातून गेल्यात. मावशी का सुटली हे आई सांगत नाही.

तीन दिवस अबोला. मग आईनंच तोडगा काढला. रोज सकाळी सहाणेवर मोजून वळसे द्यायची, बाळाला मांडीवर घेऊन वास द्यायची, आणि गुटी स्वतः चाटून टाकायची. सहा महिने! बाळाचं वजन वाढलं, आईचंही. आता मुलगा तीन वर्षांचा आहे, त्याला पाटी दिली की खडू धरून तो लिहीत नाही. गोल गोल उगाळतो.

टिळकवाडी

आमचं आज्ज्याचं नाही, पणज्याचं. 1924 च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. आमच्या घरात अशी आख्यायिका आहे की पणजोबा तिथं पाणी वाटायच्या कामावर होते. पुरावा काही नाही. आज्जा मला रविवारी काँग्रेस विहिरीवर न्यायचा आणि कठड्याशी उभं करून सांगायचा, ही विहीर तेव्हाच खणली, माझ्या बानं हितलं पाणी शेंदलंय. मीही मुलाला नेलं, तेच सांगितलं, त्याच आवाजात. मुलगा चार वर्षांचा. आत डोकावून म्हणाला, "पणजोबा अजून आत आहेत?" मी नाही म्हटलं. त्यानं खात्रीसाठी हाक मारली. आतून घुमून परत आली.

घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, आहेत म्हणून.

शहापूर, बेळगाव

धागा मीच काढला म्हणून एक राहिलेलं सांगते.

नणंद सोमवारी रात्रीच्या गाडीनं परत गेली. निघताना सासूबाईंचं इरकली लुगडं मागून घेतलं, वाकळ शिवते म्हणाली. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, पण दिलं. पोरीला जवळ घेतलं, जेवले-जेवलो काही काढलं नाही.

मंगळवारी पहाटे स्वारगेटला उतरल्यावर फोन आला. मी झोपेत होते, पोरीनं उचलला, स्पीकरवर टाकला. तिकडून रिक्षावाल्यांचा गलका, आणि त्यातून नणंदेचा आवाज, "आईला सांग, मी पोचलो."