मदत हवी आहे: रात्री उसाला पाणी पाजायला उठायचंय, मोबाईल सोडून खात्रीचा गजर कुठला?

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात वस्तीवर राहतो, रान घराच्या मागंच, दिवसा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत नोकरी. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. मोटर ऑटोवर चालू होते त्याचं टेन्शन नाही, पण मधनंमधनं उठून पाणी पुढच्या सऱ्यांना वळवायला माणूस लागतोच, नाहीतर खाली तळं आणि बाकीचा ऊस कोरडा, आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्यात पाणी शिरलं की सकाळी सकाळी त्याचं ऐकून घ्यायचं ते वेगळंच.

परवा रात्री फोन अपडेट होऊन आपोआप रीस्टार्ट झाला, आणि पिन टाकल्याशिवाय ते डाउनलोड केलेलं अलार्मचं अ‍ॅप सुरूच होत नाही म्हणे. ओळीनं गजर लावलेले, एकपण वाजला नाही. जाग आली ती संस्थेला दूध घालायला निघालेल्यांच्या किटल्यांच्या आवाजानं. पोरगं म्हणतंय फोनमधलंच घड्याळ वापरा, ते पिन न टाकता पण वाजतं. बरोबर असेल, पण बॅटरीच उतरली तर? बायकोच्या फोनवर दुसरा लावावा तर तो पण त्याच बोर्डावर चार्जिंगला, घरची लाईट गेली की दोन्ही फोन सोबतच झोपणार, त्याला दुसरा गजर कसा म्हणायचं?

माळ्यावर आजोबांचं चावीचं एचएमटी आहे, मागं दोन चाव्या, एक चालायची एक घंटेची. घड्याळ चालतंय पण घंटेची चावी नुसतीच गरागरा फिरते, ताणच धरत नाही, स्प्रिंग तुटली असणार. एचएमटी वॉचेस ही घड्याळाची कंपनी तर २०१६ ला बंदच झाली. कोल्हापुरात महाद्वार रोड नाहीतर लक्ष्मीपुरीत असलं काम करणारं कोण आहे का? का सरळ सेलवरचं घेऊ? त्या पिकपिक आवाजानं मी उठतोय असं वाटत नाही, पंखा चालू असतो.

प्रतिसाद १: स्प्रिंग जुन्या घड्याळातनं काढून बसवतात, कारागीर जुना पाहिजे फक्त. पण चावीच्या घड्याळात पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं धरायची, आणि दर खेपेला काटा पुढं सरकवून घंटेची चावी परत द्यायची. माझ्या मते तेच बरं, तेवढ्यात झोप उडते.

प्रतिसाद २: सेलचंच घ्या ओ, पेन्सिल सेल वर्षभर जातोय. स्टीलच्या परातीत ठेवा आणि परात हाताला येणार नाही अशी लांब ठेवा. गल्ली उठतीया का नाही बघा. आणि फोनचं ऑटो अपडेट पहिलं बंद करा.

धागाकर्ता: परातीचं भारी आहे, आज रात्रीच बघतो, फक्त आईला आधी सांगून ठेवायला पाहिजे नाहीतर ती काठी घेऊन उठेल. घड्याळवाल्याचं पण सांगा की कुणीतरी, रविवारी शहरात येणार आहे.