झेब्रा माशाची शेपटी परत येते तरी कशी?

प्रश्न (जुळे सोलापूर): टाकीतल्या टायगर बार्ब माशानं माझ्या झेब्रा डॅनिओची (म्हणजे झेब्रा माशाची) निम्मी शेपटी कुरतडली. वेगळ्या बरणीत ठेवला, तर पट्ट्यांसकट नवी आली! आत हाडाच्या काड्या असतात ना? त्या कुठून आल्या?

उत्तर १: दादा, प्राणीशास्त्र शिकवते म्हणून सांगते. आधी कातडी जखम झाकते. खाली हाड घडवणाऱ्या पेशी आपलं पक्कं रूप सोडून वाढू लागतात, त्यांचा गोळा म्हणजे ब्लास्टेमा. पण हाडाच्या पेशीतून हाडच, कातडीतून कातडीच. एफजीएफ२०ए जनुक बिघडलं की ब्लास्टेमाच होत नाही, शेपटी थोटी राहते.

उत्तर २: शेपटीचं काय घेऊन बसलात! २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी याच जातीच्या माशाच्या हृदयाच्या जवनिकेचा (रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा) सुमारे २० टक्के भाग कापला, दोन महिन्यांत भरून आला. माणसाच्या हृदयात तिथे नुसता व्रण.

प्रश्नकर्ता: ताई, आईच्या मणक्याची चकती झिजलीय. तिला काही?

उत्तर १: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत म्हाताऱ्या झेब्रा माशांच्या झिजलेल्या चकत्या सीसीएन२ए प्रथिनानं सुधारल्याचं दिसलंय. माशांत हं. आईंना सध्या डॉक्टरांनाच दाखवा. आणि तो बार्ब वेगळा करा आधी.